गळका तंबू आणि बिनपाठीचा अंगरखा

रेडमंड
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

ती. नीलाताई,

कंबर आखडली आहे, त्यामुळे नमस्कार उभ्या उभ्याच घे.

तंबू गळतो. ही बातमी काल संध्याकाळी पक्की झाली आणि ती खुद्द इलाने दिली. मी बाहेरून बागेचा पाइप धरून पाणी मारत होतो, ती आत उभी होती. थोड्या वेळाने बाहेर आली ती केस पिळतच. म्हणाली, "बाबा, बाहेरपेक्षा आत जास्त पडतोय."

तुला यातलं काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुझी भाची तीन वर्षं एका मंडळात जाते. तुमच्या गणपती-नाटकांच्या मंडळासारखं नव्हे. ही माणसं मध्ययुगात राहायला जातात. म्हणजे शुक्रवारी जातात आणि रविवारी परत येतात. एका शेतात तंबू ठोकायचे, पंधराव्या शतकाच्या अलीकडचं काही अंगावर ठेवायचं नाही, चुलीवर शिजवायचं आणि दुपारी ढाली घेऊन एकमेकांना बडवायचं. इला आठवडाभर फेरीबोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत तेलात असते आणि सुटीला हातात लाकडी तलवार. विश्रांती कशी घ्यायची, ते या मुलीला शिकवायचं आमच्याकडून राहूनच गेलं.

तिच्या कंपूत तिच्यासकट पाच जण आहेत. त्यांचा जुना तंबू बुरशीने खाल्ला. मार्चमध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शिवाल का? कापड मी आणते." ताई, या मुलीने लहानपणी सायकल दुरुस्त करायलाही मला हाक मारली नाही. स्वतःची केली आणि मग माझीही केली. मी ताबडतोब हो म्हणालो. आपल्याला शिवता येतं का, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला.

जन्मभर सॉफ्टवेअरची प्रोजेक्टं चालवलेला माणूस मी. आधी वेळापत्रक केलं, रंगीत पट्ट्यांचं. ते तंबूपेक्षा फारच चांगलं झालंय. गॅरेजमध्ये बायकोचं मशीन आणून बसलो. सुई मोडली की सुलेखा वरून विचारते, "कितवी?" छताची एक पाकळी उलटी लागली आहे. दार जिथे हवं त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आलंय. इला म्हणते, तंबू फिरवून लावू. स्वभावाने ती तुझ्यावर गेली आहे.

शिबिर १३ जूनला आहे. ते पाच जण, सुलेखा आणि मी, सगळे याच तंबूत झोपणार. दुसरा तंबू नाही. आणि जूनमध्ये इथे पाऊस नसतो, असं इथे नवीन आलेलेच म्हणतात.

शिवणीसकट कापडाचा तुकडा सोबत ठेवलाय. फोनमधून शिवणीला बोट लावता येत नाही, म्हणून हे पत्र. काय चुकलं ते सांग. शिवाय मला कपडे लागतील. मी इलाला म्हणालो, मी सरदार होऊन येतो. ती म्हणाली, "बाबा, नवीन माणसाला सरदार होता येत नाही. ते अर्न करावं लागतं."

ऑफिसात सध्या काम जरा हलकं आहे, म्हणून हे उद्योग जमतायत.

तुझा,
कृष्णा

*

अ‍ॅशबर्न
२ मे

चि. कृष्णा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी शिवणीचं बोलू.

तुकडा मिळाला. यांना दाखवला. हे म्हणाले, "चहा गाळायला उत्तम." तू पॉलिएस्टरचा दोरा वापरलास आणि सुई घेतलीस दाभणाएवढी. सुईने भोक मोठं पाडलं आणि पॉलिएस्टर काही फुगत नाही, त्यामुळे भोक उघडंच राहिलं. सुती दोरा पाण्याने फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. छत सगळं उसव. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमड आणि त्यावर शेजारी शेजारी दोन टिपा मार. मग तंबू भिजव, वाळव, पुन्हा भिजव. कोरं कापड पहिल्या पाण्याला गळतंच, तेवढ्याने रडू नकोस. उसवताना कापड ओढायचं नाही. लहानपणी माझ्या परकराचं केलं होतंस तसं.

कपड्यांचं तू बघू नकोस. तीस वर्षं मंडळाच्या नाटकांचे कपडे मी शिवलेत. पुण्या-नागपुराकडून आलेल्या कितीतरी इंजिनिअरांना मी राजे केलंय आणि त्यातला एकही तुझ्याहून देखणा नव्हता. यंदाही गणपतीच्या नाटकाचं काम डोक्यावर आहेच, श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी तुझं बसवते मधेच. सरदार नको असं इला म्हणाली असेल, पण मुलं काहीही म्हणतात. माझा भाऊ चारचौघांत साधा दिसला तर नाव माझं जाईल.

छाती, कंबर आणि उंची फोनवर कळव. कंबर खरी कळव.

नीलाताई

*

रेडमंड
मंगळवार, १३ मे

ती. नीलाताई,

आज वाकता आलं, म्हणून मागचा नमस्कारही याच पत्रात वळता करून घे.

पार्सल काल आलं. काय अंगरखा आहे! डाळिंबी रंग, जर, ती मोत्यांची माळ, शेला, वर तयार पगडी. घालून बाहेर आलो तर सुलेखा हातातलं काम टाकून बघत राहिली. इला तर बोलेचना. तिची आत्या काय चीज आहे ते तिला आता कळलं असेल.

छत सगळं उसवलं. तू म्हणालीस तसं सुती दोऱ्याने शिवायला घेतलंय, निम्मं झालं. उलटी पाकळीही सुलटी केली. दार मात्र आहे तिथेच ठेवलं. वेळापत्रकातली लाल पट्टी आता १३ जूनच्या पलीकडे गेली होती, म्हणून मी वेळापत्रकच पुसून टाकलं. ही युक्ती मला नोकरीत कधीच सुचली नाही.

बाकी सामान जमतंय. प्लास्टिकची बर्फपेटी चालत नाही, म्हणून तिच्यावर लाकडी खोका घातला. झोपायला गवताच्या गाद्या. सुलेखाने कुकर गोणपाटात गुंडाळून दडवला होता. इलाने विचारलं, "आई, मध्ययुगात शिट्टी झाली तर काय सांगणार?" कुकर परत ओट्यावर गेला. मग कळलं, मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे यातलं काहीच चालत नाही, कारण तेव्हा ते आपल्याकडे पोचलेलंच नव्हतं. सुलेखा म्हणाली, "मग तुम्ही सगळे काय खायला जाताय तिथे?" आता मिरी कुटणं चालू आहे.

तुझा,
कृष्णा

*

अ‍ॅशबर्न
२० मे

चि. कृष्णा,

तुझी स्तुती पोचली. तिच्या आधी इलाचा फोटो पोचला.

फोटोत तू परसात शेकोटीजवळ उभा आहेस, पाठमोरा. पुढून डाळिंबी नकली रेशीम आणि मागून पांढरं अस्तर, वर वेल्क्रोची पट्टी. पाठीवर रुपयाएवढं भोक, कडेने वितळलेलं. खाली इलाने लिहिलंय, "आत्या, प्लीज डोन्ट बी मॅड. आमच्याकडे सिंथेटिक चालत नाही, ठिणगी लागली की अंगाला चिकटतं. बाबा म्हणाले, आत्याला सांगायचं नाही."

दोन दिवस मी तो फोटो पुन्हा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी फोटो मोठा करून पाहिला आणि एकटीच हसत सुटले. अरे, तीस वर्षं मी माणसांना पाठच शिवली नाही! प्रेक्षक पुढे बसतात, तेही लांब. पाठीचं कापड वाचवायचं, शेला एका बाजूला टाचून टाकायचा, पगडी गोंदाने चिकटवायची, आणि नटाला सांगायचं, वळू नकोस. आमचे सगळे राजे प्रवेशाच्या शेवटी उलट पावली आत जायचे. लोकांना वाटायचं, अदब आहे.

आता खरं सांगते. मला मुळीच काम नाही. यंदा मंडळाने कपडे ऑनलाइन मागवले. तीन दिवसांत येतात, मुकुटासकट. नव्या सेक्रेटरीचा, अनिकाचा, फोन आला होता. गोड मुलगी आहे. म्हणाली, "काकू, तुम्ही आता पहिल्या रांगेत बसून एंजॉय करा." मी थँक्यू म्हणाले. खालच्या खोलीत कापडाचे तागे तसेच पडून आहेत. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यांवरची धूळ झटकली, आणि डोळे मिटून सगळ्यात चकचकीत तागा उचलला. इला काय म्हणतेय ते वाचलं नाही असं नाही. वाचायचं नव्हतं.

माझं सांगून झालं. आता तुझं. तुझी दोन्ही पत्रं मंगळवारची, आणि मंगळवारीच टपालात पडलेली. मंगळवारी तुझ्या मीटिंगा असायच्या. आई दवाखान्यात होती तेव्हाही मंगळवारी तुला फोन लागायचा नाही. सुलेखा मला काही बोललेली नाही, तिच्यावर रागावू नकोस. कधीपासून घरी आहेस?

नीलाताई

*

रेडमंड
मंगळवार, २७ मे. लपवून आता उपयोग नाही.

ती. नीलाताई,

फेब्रुवारीपासून.

सकाळी एक कॉल आला. त्यात मला न ओळखणारी एक बाई होती आणि मी होतो. चहा संपायच्या आत सगळं संपलं. माझा चहा मी फार सावकाश पितो असंही नाही. तुला सांगायचं रोज ठरवत होतो. पण धाकट्या भावाने अमेरिकेत फक्त चांगल्या बातम्या पाठवायच्या असतात, असं माझ्या डोक्यात कुठून बसलंय देव जाणे.

सुलेखाचं काम चालू आहे, त्यामुळे घराची काळजी नको. काळजी दुसरीच आहे. ती कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतो.

शनिवारी इलाच्या कंपूतली अनन्या सामान बघायला आली होती. नर्स आहे, मोकळी मुलगी. तंबूभोवती फिरली, शिवणीला हात लावला. मग सहज म्हणाली, "काका, यू आर अमेझिंग. अ‍ॅक्च्युअली आमच्या व्हॅनमध्ये एक एक्स्ट्रा तंबू पडलाय, मार्चमध्येच मी इलाला म्हटलं होतं. पण ती म्हणाली, नको, बाबा करतायत."

तंबू होता, ताई. पहिल्यापासून होता. बोटाला सुया टोचून घेत मी तीन महिने समजत होतो की मी नसतो तर सात माणसं उघड्यावर झोपली असती. खरं काय, तर घरात बसलेल्या बापाला पोरीने कामाला लावलं. शाळेत आम्हाला दंगा करू नये म्हणून फळा पुसायला लावायचे, तसं.

तेव्हापासून गॅरेजमध्ये गेलो नाही. तंबूच्या भिंतीचे दोन तुकडे जोडायचे राहिलेत. इला रोज विचारते, "बाबा, कुठवर आलं?" मी म्हणतो, चालू आहे. हे वाक्य मी नोकरीतही फार वापरायचो.

अंगरख्याबद्दल खोटं लिहिलं त्याची माफी माग म्हणाली सुलेखा. मागतो. पण पुढून तो खरोखरच छान होता.

तुझा,
कृष्णा

*

अ‍ॅशबर्न
३ जून

चि. कृष्णा,

तुझं पत्र वाचून मी इलाला फोन लावला. तू मनात धरून बसणार, मी मनात धरणार आणि जून संपून जाणार. आपल्या घराण्याची रीतच ती. मी सरळ विचारलं, "बापाची दया आली म्हणून तंबू सांगितलास का?"

ती कामावर होती. मागे इंजिनाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आत्या, ऑफ कोर्स आय वॉज वरीड. ते दिवसभर सोफ्यावर बसून फोन बघायचे. पण अनन्याचा तंबू चार जणांचा आहे, आणि प्लास्टिकचा आहे. आय नीडेड अ टेंट. मला तंबूही हवा होता आणि बाबाही बरे व्हायला हवे होते. व्हाय डू आय हॅव टू पिक वन?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

मला एवढंच समजतं, की अंगरखा मी मायेने पाठवला होता, आणि तरी तो ठिणगीने जळला. तुझा तंबूही तिने मायेने मागितला असेल, नाहीतर दयेने. पावसाला त्याचं काय? शिवण धरली तर सात जण कोरडे राहतील, नाही धरली तर भिजतील. फळा पुसायला लावलेल्या पोराच्या फळ्याखाली कुणी झोपत नाही.

मात्र एक गोष्ट तुझी तुला ठरवायला हवी. अनन्याच्या व्हॅनमध्ये तो तंबू तसाच येणार असेल, तर तुझा तंबू हौसेचा. त्यात मला रस नाही.

आता कपडे. इला म्हणाली, चौदाव्या शतकात देवगिरीकडचा माणूस धोतर नेसायचा आणि उपरणं घ्यायचा, बाबांना तेच द्या. म्हणजे जन्मभर शिवून मी पोचले कुठे, तर न शिवलेल्या कापडापाशी. तुला धोतर नेसता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नातलं इलॅस्टिकचं होतं. पण मला नेसवता येतं. ग्रीनरूममध्ये तीस वर्षं मी ज्यांना ज्यांना नेसवलं, त्यातल्या एकाचंही स्टेजवर सुटलेलं नाही. लढाईच्या प्रवेशातसुद्धा नाही.

गुरुवार १२ जूनचं तिकीट काढलंय. येताना सुती धोतरं, दोन घोंगड्या आणि माझ्या सुया आणते. रात्री गारठा असतो म्हणे तुमच्याकडे.

यांना सोबत आणत नाही. हे म्हणतात, मध्ययुग त्यांनी लहानपणी आजोळी पाहिलंय, तिथे पंखा नव्हता.

नीलाताई

*

रेडमंड
गुरुवार, १२ जून
(उशीवर ठेवतोय, दिवा लावलास की दिसेल)

ती. नीलाताई,

पोचलीस त्याबद्दल आधी नमस्कार. घरात मी नाही याबद्दल दुसरा.

अनन्याचा तंबू येत नाही. आज सकाळी इलाने सांगितलं, आणि मग अनन्याचाही फोन आला. तिच्या व्हॅनमध्ये त्या जागी आता सरपण भरलंय. झालं असं, की तुझं पत्र आल्यावर मी इलाला बोलावलं आणि छाती पुढे काढून म्हणालो, "अनन्याला सांग, एक्स्ट्रा आणू नकोस." मला वाटलं होतं, ती म्हणेल, बाबा, नीट विचार करा. ती म्हणाली, "शुअर?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "ओके," आणि फोन लावला. त्या रात्री मी भिंतीचे दोन्ही तुकडे जोडले. एक सुई मोडली. वरून कुणी काही विचारलं नाही.

तंबू तीनदा भिजवला आणि तीनदा वाळवला. शेवटच्या वेळी आत मी उभा राहिलो आणि पाइप इलाच्या हातात दिला. तिने बापाला भिजवण्याचा आनंद मनापासून घेतला. छत धरतंय, ताई. एका जोडाशी अजून थेंब जमतो, खाली पडू की नको असा विचार करत बराच वेळ लोंबतो आणि मग पडतो. उत्तरेकडचा कोपरा आहे. तिथे माझी गादी टाकायची ठरली आहे. सुलेखाने स्वतःची गादी तेवढ्यात दुसऱ्या टोकाला नेली.

मला तिथे हुद्दाही मिळाला. शिबिराच्या कारभारी बाई आहेत, एरवी दाताच्या डॉक्टर. त्यांनी फोनवर विचारलं, तुम्ही कोण म्हणून येणार? इला शेजारी होती. सरदार म्हणायची फार इच्छा झाली. पण म्हणालो, "फरास." आपल्याकडे लष्करात तंबू ठोकणारा नोकर असायचा तो. त्यांनी आनंदाने लिहून घेतलं, आणि फरास आहात तर एक दिवस आधी या, आणखी सहा तंबू उभारायचे आहेत, असं सांगितलं. हुद्दा मागून घेण्याआधी त्याचं काम विचारावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं. म्हणून दुपारीच निघतोय.

उद्या तू आणि सुलेखा तीनपर्यंत फाटकाशी या. पँट घातलेल्या माणसाला शुक्रवारी तीननंतर आत फिरू देत नाहीत. फाटकाच्या आत डाव्या हाताला कपडे बदलायचा कनात लावलेला कोपरा आहे. मी तिथे उभा असेन, तुझी आणि धोतराची वाट बघत. इलाच्या कंपूतल्या दोघांनाही धोतर हवंय, ढालीसकट लढायला. घट्ट नेसव. इथे प्रेक्षक चारी बाजूंनी असतात.

पाऊस शनिवारी पहाटेपासून सांगितलाय, दुपारपर्यंत. इलाने आज दोनदा अंदाज बघितला आणि दोन्ही वेळा फोन खिशात ठेवून गाद्या मोजल्या. तुझ्यासकट आठ आहेत.

तुझा,
कृष्णा